एमडी मेडिसिननंतर रिसर्च फेलोशिप घ्यावी का? आणि कुठली?

निमाडकर_डॉ
नमस्कार मंडळी. इंदूरला एमडी मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे, थिसिस सबमिट झालाय, आता परीक्षा आणि मग पुढे काय हा विषय घरी रोज जेवताना निघतो. बाबांचं म्हणणं सुदामानगरात जागा आहे आपली, क्लिनिक टाक. बॅचमधले बहुतेक जण नीट एसएसच्या, म्हणजे सुपरस्पेशालिटी प्रवेश परीक्षेच्या मागे आहेत, कार्डिओ नाहीतर गॅस्ट्रो. मला खरं सांगायचं तर जनरल मेडिसिनचा वॉर्डच आवडतो, एकाच राउंडला सल्फास (धान्यातलं कीटकनाशक) खाऊन आलेला पोरगा, सिकल सेलचा क्रायसिस, डेंग्यू, आणि एखादी आजी जिला नक्की काय झालंय ते तीन युनिटना मिळून कळत नाही. त्याच वॉर्डात राहून शिकवायचं आणि रिसर्च करायचा असं डोक्यात आहे. अमेरिकेत याला हॉस्पिटल मेडिसिन म्हणतात आणि कॉलेजात राहणाऱ्यांसाठी त्यात रिसर्च फेलोशिप असते असं वाचलं. तर कोणी केली आहे का, त्यात शिकवतात काय, आणि भारतात राहून तसं काही जमतं का? पैशांचंही मोकळेपणाने सांगा, लाजू नका.

रामबागवाला
क्लिनिक टाक भिया. रिसर्चने लाइट बिल भरत नाही.

आठवडाआड_ड्युटी
वरच्या भियांकडे दुर्लक्ष कर. मी इंदूरचाच, एमबीबीएसनंतर अमेरिकेत आलो, आता एका युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये हॉस्पिटलिस्ट आहे. आधी हे काय प्रकरण आहे ते सांगतो कारण आपल्याकडे फार गोंधळ आहे. हॉस्पिटलिस्ट म्हणजे जो फक्त भरती पेशंट बघतो, ओपीडी नाही. हा शब्द १९९६ मध्ये वॉक्टर आणि गोल्डमन यांच्या न्यू इंग्लंड जर्नलमधल्या लेखाने रूढ केला, त्याआधी तिथले फॅमिली डॉक्टर सकाळी आपापले भरती पेशंट बघून क्लिनिकला पळायचे. आता बहुतेक ठिकाणी सात दिवस काम सात दिवस सुट्टी असा पॅटर्न असतो, पगार चांगला, आणि इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी झाली की वेगळी फेलोशिप न करता ही नोकरी मिळते. मग लोक फेलोशिप का करतात? कारण नुसती नोकरी केली तर सुट्टीच्या सात दिवसांत माणूस झोपतो, पेपर लिहीत नाही.

फेलोशिप साधारण एक ते दोन वर्षांची. दोन वर्षांच्या चांगल्या प्रोग्रॅममध्ये वॉर्डाचं काम थोडं असतं, उरलेला वेळ तुझा, त्यात बरेच जण एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थची, किंवा क्लिनिकल रिसर्चची मास्टर्स करतात, एपिडेमिऑलॉजी, बायोस्टॅट (वैद्यकीय आकडेशास्त्र), इम्प्लिमेंटेशन सायन्स (सिद्ध झालेली गोष्ट वॉर्डात प्रत्यक्ष कशी उतरवायची), ग्रँट लिहायला शिकणं, आणि एक मेंटॉर जो दर आठवड्याला तुझा ड्राफ्ट लाल करून परत देतो. फेलोशिपमध्ये विकत मिळणारी खरी वस्तू म्हणजे तो मोकळा वेळ, प्रोटेक्टेड टाइम म्हणतात त्याला. पुढे एनआयएचचं, म्हणजे तिथल्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं, के-२३ नावाचं करिअर अवॉर्ड असतं, त्याची अटच अशी की तुझा किमान ७५ टक्के वेळ रिसर्च आणि त्याच्या ट्रेनिंगला गेला पाहिजे, हॉस्पिटलला ते लेखी मान्य करावं लागतं.

आता कडू भाग. टी-३२ या एनआयएचच्या ट्रेनिंग ग्रँटवर चालणाऱ्या फेलोशिप आणि हे के-२३ दोन्हीला नागरिकत्व नाहीतर ग्रीन कार्ड लागतं. तू जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी केलीस तर संपल्यावर दोन वर्षं भारतात परत, नाहीतर वेव्हर, म्हणजे त्या अटीतून सूट घेऊन तीन वर्षं डॉक्टर कमी असलेल्या भागात नोकरी, तिथे बहुधा रिसर्चचं नावही नसतं. म्हणजे तुझी इथली एमडी बाजूला ठेव, यूएसएमएलई ही तिथली परवाना परीक्षा दे, मॅच हो (रेसिडेन्सीची जागा मिळव), परत तीन वर्षं रेसिडेंट हो, मग वेव्हर, मग कुठे फेलोशिपचा विचार. जमतं, लोक करतात, पण एमडी झालेल्या माणसाने फक्त रिसर्च शिकायला हा रस्ता धरू नये असं माझं स्पष्ट मत. अमेरिकेत राहायचंच असेल तर गोष्ट वेगळी, मग तसं सरळ म्हण.

निमाडकर_डॉ
दादा खूप आभार, एवढं स्पष्ट कोणी सांगत नाही, कन्सल्टन्सीवाले तर वेव्हरचा व पण काढत नाहीत. तिकडे राहायचं नाहीये मला, आई-बाबा एकटे आहेत. पण हॉस्पिटल मेडिसिनमध्ये रिसर्च म्हणजे नक्की कसला? आमच्याकडे रिसर्च म्हणजे अमक्या आजारात सीरम तमकं, पन्नास केस पन्नास कंट्रोल (आजार नसलेले), पी व्हॅल्यू (आकडेशास्त्राची कसोटी) ०.०५ च्या खाली, संपलं.

आठवडाआड_ड्युटी
हा हा. सीरम तमकं सगळीकडेच आहे. इथलं उदाहरण देतो. आय-पास नावाचा अभ्यास, २०१४ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला, नऊ हॉस्पिटलांतल्या मुलांच्या वॉर्डांत. विषय काय तर रात्रीच्या रेसिडेंटला पेशंट सोपवताना काय बोलायचं. पेशंट किती सिरियस, थोडक्यात हिस्टरी, काय करायचं बाकी आहे, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते परत बोलून दाखवायचं. एवढ्याने वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. ना नवीन औषध, ना मशीन. तुझ्या वॉर्डात रात्री आठला ओव्हर कसा देतात?

निमाडकर_डॉ
जिन्यात. "दहा नंबर बघून घे यार."

ग्वाल्हेरकर_काका
धागा वाचत होतो, आता राहवेना. मी सरकारी मेडिकल कॉलेजातून रिटायर झालेला मेडिसिनचा मास्तर. जिन्यातला ओव्हर माझ्याही काळात जिन्यातच होता, तेव्हा तुमच्या पिढीला दोष नाही.

निमाडकर, बाळा, तू कॉलेजात राहणार असशील तर आधी कागद नीट कर. एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) नियमांत असिस्टंट प्रोफेसरला बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च लागतो, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चेन्नईच्या संस्थेचा, ऑनलाइन आहे, तुमच्या बॅचला पीजीतच करावा लागला असेल. पुढे असोसिएटच्या प्रमोशनला पेपर लागतात, २०२२ च्या नियमांत दोन होते आणि ते पबमेड सेंट्रल, स्कोपस, डीओएजे असल्या इंडेक्समधल्या जर्नलात. त्यामुळे झालं काय की पैसे घेऊन आठवड्यात छापणारी जर्नलं फोफावली आणि एका पेपरवर अख्ख्या डिपार्टमेंटची नावं येऊ लागली. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता हो, पण वेळ न देता पेपर मागितला की पेपरच येतो, संशोधन येत नाही.

तिकडे ७५ टक्के वेळ लेखी मिळतो हे वाचून माझा तर चहा गार झाला. इंग्लंडात माझा एक विद्यार्थी आहे, तिथे एनआयएचआर या सरकारी संशोधन संस्थेची अकॅडमिक क्लिनिकल फेलोशिप असते, ट्रेनिंग चालू असतानाच २५ टक्के वेळ रिसर्चला, तीन वर्षांपर्यंत. आपल्याकडे एसआरला (सीनियर रेसिडेंटला) २५ टक्के सोड, रविवार मिळाला तरी पुष्कळ.

आकडेमोड_ताई
मी डॉक्टर नाही, बायोस्टॅटिस्टिक्सवाली, बडोद्याला असते. दर वर्षी सिनॉप्सिसच्या (थिसिसच्या आराखड्याच्या) सीझनला पीजी मुलं अभ्यासात किती पेशंट घ्यायचे ते विचारायला येतात, "मॅम सॅम्पल साइज काढून द्या, ६० यायला पाहिजे." यायला पाहिजे म्हणजे?? 🙂 मग थिसिसच्या वेळी मास्टर चार्ट घेऊन येतात, एक्सेलमध्ये एकाच कॉलममध्ये "येस", "वाय", "१" आणि "प्रेझेंट", बीपीच्या कॉलममध्ये १४०/९० असं एकत्र लिहिलेलं. फेलोशिपचं माहीत नाही पण रेडकॅप हे डेटा भरायचं सॉफ्टवेअर शिकलात तरी माझ्यासारख्यांवर उपकार होतील, ना नफा संस्थांना ते फुकट मिळतं. आणि सॅम्पल साइजवाल्याकडे डेटा गोळा झाल्यावर नाही, प्रश्न डोक्यात आल्यावर यायचं असतं.

भारतातलं विचारलंस म्हणून: केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनचं वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स २००८ पासून आहे, तिची क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थची फेलोशिप असते, पाच वर्षांची, चांगली रक्कम, पण स्पर्धा जबरदस्त आणि तुझ्याकडे आधीपासून प्रश्न पक्का हवा, मुलाखतीत सोलून काढतात. आयसीएमआर आणि डीएचआरच्याही (केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाच्या) योजना आहेत, तरुण मेडिकल फॅकल्टीला पीएचडीसाठी वगैरे. पब्लिक हेल्थची मास्टर्स करायची तर चेन्नईची एनआयई, तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर, आमच्याकडे गांधीनगरची आयआयपीएच. या सगळ्यांच्या तारखा आणि अटी बदलत असतात, साइटवरच बघ, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर नको.

राजवाडा_चौक
मी पण डॉक्टर नाही. इंदूरचा, लोकमान्यनगरात राहतो. तुम्ही सगळे रिसर्च रिसर्च म्हणताय पण आपल्या गावात ट्रायल या शब्दाला काय वास आहे ते विसरलात का? २०१० च्या पुढे-मागे इंदूरचं ट्रायल प्रकरण बाहेर आलं, सरकारी हॉस्पिटलातल्या गरीब पेशंटवर कंपन्यांच्या औषधांच्या ट्रायल झाल्या आणि कित्येकांना आपण ट्रायलमध्ये आहोत हेच माहीत नव्हतं असे आरोप झाले. इथलीच स्वास्थ्य अधिकार मंच २०१२ ला सुप्रीम कोर्टात गेली. माझी आत्या तेव्हा भरती होती, ट्रायलमध्ये नव्हती, पण नंतर वर्षभर ती प्रत्येक कागदावर सही करताना विचारायची "हे तसलं तर नाही ना?" शिकायची फेलोशिप खुशाल शिका, पण पेशंटला नीट सांगायचं कोण शिकवणार?

ग्वाल्हेरकर_काका
रास्त प्रश्न. त्या प्रकरणाने देशाचे नियम बदलले हे इंदूरच्या पोरांना माहीत असलं पाहिजे. २०१३ मध्ये कोर्टाने नव्या ट्रायलच्या परवानग्यांना लगाम घातला, भरपाईचे नियम त्याच वर्षी आले, संमती घेतानाचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग आलं (नंतर २०१५ ला ते काही प्रकारच्या ट्रायलपुरतं ठेवलं), आणि २०१९ ला नवे ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत ट्रायलची नोंद तर २००९ पासूनच सक्तीची आहे, २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच करावी लागते. पूर्वी काम झाल्यावर नोंद करून मोकळे व्हायचे लोक.

आठवडाआड_ड्युटी
राजवाडाभाऊंच्या प्रश्नाला जोडून एक गोष्ट, हॉस्पिटल मेडिसिनवाल्यांना ही रोज लागते. मिशिगनच्या आयसीयूंमध्ये प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांनी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकताना पाळायची पाच साध्या गोष्टींची चेकलिस्ट लावली, इन्फेक्शन धडाधड कमी झालं, २००६ ला पेपर आला. पुढच्याच वर्षी सरकारी कार्यालयाने विचारलं की हा रिसर्च होता तर पेशंटची संमती कुठे? काम थांबलं. मग गदारोळ झाला, २००८ ला परत परवानगी मिळाली. हात धुवा म्हणणं म्हणजे सुधारणा की प्रयोग? हा वाद फेलोशिपमध्ये पहिल्या महिन्यात घालतात आमच्यात. उत्तर एवढंच की ते तू स्वतः ठरवायचं नाही, एथिक्स कमिटीला आधी विचारायचं आणि त्यांचं उत्तर लेखी घ्यायचं.

रामबागवाला
मीच तो क्लिनिकवाला. बीएएमएस आहे, वीस एक वर्षं प्रॅक्टिस आहे, चेष्टा केली पण धागा सोडवत नाहीये. एक विचारू का डॉक्टरलोक? तुमच्या मोठ्या हॉस्पिटलातून डिस्चार्ज झालेला पेशंट आठवड्याने माझ्याकडे येतो, हातात कार्ड, त्यावर इंग्रजीत सात औषधं, त्यातली दोन एकच. बीडीएस, टीडीएस, एसओएस, म्हणजे दोनदा, तीनदा, गरज पडली तर. बाई भिलाली बोलणारी, अलीराजपूरची. ती मला विचारते यातली कुठली गोळी आयुष्यभर घ्यायची. यावर कोणी रिसर्च करतं का? करत असेल तर मी लाइट बिलाचे शब्द परत घेतो.

आठवडाआड_ड्युटी
भिया!! हाच तर हॉस्पिटल मेडिसिनचा गाभा आहे. डिस्चार्जनंतरचे तीस दिवस. अमेरिकेत तर २०१२ पासून ठरावीक आजारांचे पेशंट तीस दिवसांत प्रमाणाबाहेर परत भरती झाले की मेडिकेअर (तिथला वृद्धांचा सरकारी विमा) हॉस्पिटलचे पैसे कापतं, त्यामुळे यावर ढिगाने पेपर आहेत. पण ते सगळे अशा पेशंटवर ज्यांच्याकडे फोन आहे, पत्ता आहे आणि बाटलीवर छापील लेबल आहे.

निमाडकर_डॉ
हे वाचून डोक्यात चक्र सुरू झालं. आमच्याकडे परत भरती मोजणंच अवघड आहे. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, धारचे पेशंट लामा होऊन जातात, म्हणजे सही करून मर्जीने, किंवा डिस्चार्ज होतात आणि परत येतच नाहीत. फाइलवर आम्ही "लॉस्ट टू फॉलोअप" लिहितो आणि थिसिसमध्ये तेवढे वगळतो. मेले का बरे झाले देव जाणे.

आकडेमोड_ताई
वगळतो म्हणे!! जे येत नाहीत तेच तर महत्त्वाचे, जे येतात ते आधीच बरे असलेले असतात किंवा जवळ राहणारे. बरं ऐक, तुझे हरवलेले पेशंट कुठे जातात ते मला थोडंफार माहीत आहे. बडोद्याला येतात. झाबुआ-अलीराजपूरची माणसं मजुरीला गुजरातेत येतात, बांधकामावर, आणि आजारी पडली की इथल्या सरकारी हॉस्पिटलात. इथे त्यांचं कार्ड नवीन, हिस्टरी नवीन, तुमचा कागद गावी राहिलेला. आमच्या डेटामध्ये ते पहिल्यांदा भरती झालेले पेशंट असतात आणि तुमच्या डेटात हरवलेले. एकच माणूस.

ग्वाल्हेरकर_काका
याला मोठा पुरावा आहे. गोध्र्याच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत काम केलेले झाबुआ-अलीराजपूरचे मजूर सिलिकोसिसने (दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराने) मेले, कित्येकांवर टीबीचे उपचार चालले होते. धूळ गुजरातची, छाती मध्य प्रदेशची. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने २३८ मृतांच्या कुटुंबांना गुजरात सरकारने प्रत्येकी तीन लाख द्यावेत असा आदेश दिला. ते उघडकीला आणलं गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्यांनी, कुठल्याही मेडिसिन विभागाच्या थिसिसने नाही. वॉर्डात एक्सरे तर आपल्यासमोर होते. "काम कुठे करत होतास" हा प्रश्न हिस्टरीत नीट विचारला असता तर. सोड, म्हातारपणी माणूस जास्त बोलतो.

राजवाडा_चौक
काका बोला, हेच बोला.

सीनियर_सिस्टर
नर्स आहे, इंदूरलाच, नाव-गाव नको. एवढंच सांगते की डिस्चार्जच्या वेळी गोळ्या समजावून सांगायचं काम आमच्यावर येतं, आणि त्याच तासाला चार नवीन भरती असतात. आमच्यातल्या एकीने गोळीच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढायला सुरुवात केली, सकाळची-रात्रीची. पेशंटना कळतं की नाही ते कोणी मोजलेलं नाही. डॉक्टरसाहेब रिसर्च करणार असतील तर हे मोजा, आणि पेपरवर तिचं नाव घाला, फक्त खाली आभारात नको.

आठवडाआड_ड्युटी
सिस्टर, सलाम. निमाडकर, झाली बघ तुझी फेलोशिप. प्रश्न मिळाला, टीम मिळाली. आता वेळ आणि मेंटॉर एवढंच बाकी, आणि तेच अवघड आहे हे मान्य. माझा सल्ला: एसआरशिप घे, पण जॉइन होण्याआधी एचओडींशी (विभागप्रमुखांशी) बोल की आठवड्यातली एक दुपार ओपीडीतून मोकळी मिळेल का. एकच. मिळाली तर ती भिंतीसारखी सांभाळ. मी दर शनिवारी रात्री, तुमचा रविवार सकाळ, तासभर ऑनलाइन बसेन तुझ्याबरोबर, मेंटॉर म्हण नाहीतर काही म्हण. दोन वर्षांनी हातात पायलट डेटा असला की इंडिया अलायन्सच्या मुलाखतीत तू नुसता उत्साही मुलगा नसशील.

रामबागवाला
एचओडी एक दुपार देतील? कोणत्या गावात राहता साहेब 😄

ग्वाल्हेरकर_काका
देतात रे, विचारणारा लागतो. मी दिली असती. बऱ्याच सरकारी कॉलेजांत आता डीएचआरच्या योजनेतून मल्टिडिसिप्लिनरी रिसर्च युनिट आहेत, तिथे जाऊन बघ बाळा, माणसं आणि मशीन दोन्ही कधी कधी रिकामी बसलेली असतात. आणि एमबीबीएसच्या पोरांना घे बरोबर, आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून आहे, दोन महिन्यांचा प्रोजेक्ट त्यांना मिळतो, तुला हात मिळतात. आणि हो, त्यांना मजूर म्हणून राबवू नकोस.

निमाडकर_डॉ
सगळ्यांचे कसे आभार मानू. बाबांना धागा वाचून दाखवला, ते रामबागवाल्या काकांच्या पहिल्या वाक्यावर खूश झाले आणि नंतरचं वाचून गप्प बसले. क्लिनिकचा विषय सध्या दोन वर्षं पुढे गेलाय, रद्द नाही. एचओडींशी बोललो, मॅडम म्हणाल्या बुधवार दुपार, पण लेखी नाही. आता प्रश्न असा ठरवतोय: चित्रवाल्या पाकिटाने डिस्चार्जनंतर तीस दिवसांनी पेशंट गोळ्या बरोबर घेतात का. ताई, सॅम्पल साइज? 🙂 (६० यायला पाहिजे असं म्हणणार नाही.)

आकडेमोड_ताई
आधी सांग "बरोबर घेतात" म्हणजे काय. पाकीट मोजणार, विचारणार, की दोन्ही? आणि साधं पाकीट मिळालेले आत्ता किती टक्के बरोबर घेतात? तो आकडा नसेल तर सॅम्पल साइज निघत नाही, त्यासाठी आधी छोटा पायलट कर. आणखी एक, दोन पाकिटांची चिठ्ठ्या टाकून तुलना करणार असशील तर ती ट्रायल झाली, एथिक्स आणि सीटीआरआय दोन्ही आधी.

निमाडकर_डॉ
आणि जे तीस दिवसांनी फोन उचलणार नाहीत ते?

आकडेमोड_ताई
डिस्चार्जच्या वेळी दोन नंबर घे, एक स्वतःचा आणि एक गावातल्या कोणाचा तरी, किराणावाला, आशा ताई, जो कोणी असेल तो, आणि तो नंबर वापरायची परवानगी संमतीपत्रात वेगळी घाल. शिवाय "मजुरीला कुठे जाता" हा कॉलम ठेव, गाव, तालुका, राज्य वेगवेगळे कॉलम, एकत्र नको!! बडोदा लिहिलेले किती निघतात ते बघू. दहाच्या वर निघाले तर मी इथल्या मेडिसिनवाल्यांशी बोलते, पण मग इथल्याही एथिक्स कमिटीची परवानगी लागेल, त्यात महिने जातात, म्हणून प्रोटोकॉलचा मसुदा या बुधवारीच पाठव.

सीनियर_सिस्टर
पाकिटं कोणत्या साइजची छापणार ते आम्हाला विचारून ठरवा. छोट्या पाकिटात दहाची स्ट्रिप मावत नाही.